जुगाराची जाहिरात : मोबाइलवरील नवी रूपे आणि नागरिकांची सावधगिरी

जुगार जितका जुना, तितकेच त्याचे आमंत्रणही जुने आहे. जत्रेच्या फेरीत दिव्याच्या उजेडात मांडलेला पट, पानाच्या गाद्यावर हळूच विचारला जाणारा मटक्याचा आकडा, साप्ताहिकात छापून येणारे शब्दकोड्याचे कूपन ही सर्व त्या आमंत्रणाचीच रूपे होत. ही रूपे चारचौघांना दिसत असत. मुलगा कोठे उभा राहतो, कोणाच्या संगतीत बसतो, हे घरच्या वडीलधाऱ्यांच्या कानांवर येत असे आणि वेळीच त्याला आवर घालता येत असे.

आता हे आमंत्रण मोबाइलच्या पडद्यावर येऊ लागले आहे. ते प्रत्येकास वेगळे येते; ज्याच्या त्याच्या वयानुसार, भाषेनुसार, आवडीनुसार आणि दिवसाच्या वेळेनुसार येते. एकाच ओटीवर बसलेल्या बापलेकांच्या पडद्यांवर दोन निराळ्या जाहिराती असू शकतात आणि एकाची दुसऱ्याला दिसत नाही. कोणत्या माणसापुढे कोणत्या रूपातील जाहिरात ठेवावी, याची निवड करणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झालेला आहे. ही निवड कशी केली जाते हे ध्यानात आले, म्हणजे समोर आलेली गोष्ट बातमी आहे, मित्राचा सल्ला आहे की जुगाराचे आमंत्रण आहे, हे ओळखणे सर्वसामान्य नागरिकास कठीण जाणार नाही.

एक जुना खटला

जाहिरात एका मुलखातून निघते आणि पैसे दुसऱ्या मुलखातील माणसांचे जातात, ही अडचण नवी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसी शब्दकोड्यांचे मोठे वेड पसरले होते. अशी एक स्पर्धा तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील बंगळूर येथून चालविली जाई. तिचे साप्ताहिक तेथे छापले जाई, परंतु त्याचा मोठा खप त्या काळच्या मुंबई राज्यात होता. मुंबई राज्याने या स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविला, तेव्हा चालकांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, छापखाना परराज्यात असला, तरी स्पर्धेचे आमंत्रण मुंबई राज्यातील वाचकांपर्यंत पोहोचते, कूपन तेथे भरले जाते आणि पैसेही तेथेच दिले जातात. म्हणून त्या राज्याचा कायदा तेथे लागू होतो. आज छापखान्याच्या जागी परदेशात ठेवलेला संगणक आला आहे. चालक कोण, तो कोठे राहतो, हे पुष्कळदा समजत नाही. तथापि त्याची जाहिरात मात्र गावातच उतरते. दृष्टीआड असलेल्या या धंद्याचा दृष्टीस पडणारा भाग तेवढाच असतो. म्हणूनच जाहिरातीची ओळख पटविणे अगत्याचे आहे.

जाहिरातीचे मोल कसे ठरते

जाहिरातीचे रूप निवडताना चालक प्रथम हिशेब पाहतो. इंटरनेटवरील जाहिरातीचा मोबदला मुख्यत्वे चार प्रकारे दिला जातो. जाहिरात हजार वेळा दाखविण्याचा दर ठरविणे हा पहिला प्रकार. जाहिरातीवर बोट ठेवणाऱ्या प्रत्येक माणसामागे रक्कम देणे हा दुसरा. खाते उघडून प्रथम पैसे भरणाऱ्या प्रत्येक ग्राहकामागे ठोक रक्कम देणे हा तिसरा. चौथ्या प्रकारात, आणलेला ग्राहक पुढे जितके पैसे हरेल त्याचा ठरावीक हिस्सा जाहिरात करणाऱ्यास मिळत राहतो.

यांपैकी शेवटचे दोन प्रकार जुगाराच्या धंद्यात फार प्रचलित आहेत आणि त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. समजा, एखाद्या तरुणाने आपल्या मित्राला लिंक पाठविली आणि हिस्सा शेकडा तीस ठरला आहे. मित्र १०,००० रुपये हरला, तर लिंक पाठविणाऱ्यास ३,००० रुपये मिळतील. मित्र जिंकून पैसे घेऊन गेला, तर त्यास काहीच मिळणार नाही. म्हणजे आपण हितकर्ता समजून ज्याचा सल्ला घेतो, त्याचे उत्पन्न आपल्या हरण्यावर अवलंबून असते. ‘मी खेळतो, तूही खेळ’ असे सांगणारा स्वतः खेळत असेलच असेही नाही.

जाहिरातीची प्रमुख रूपे

पट्टी जाहिरात, म्हणजेच बॅनर, हे सर्वांत जुने रूप. वाचनाच्या वा चित्रपटाच्या पानावर वर, खाली किंवा बाजूला ती दिसते. तिच्यावर बोट ठेवणाऱ्यांचे प्रमाण अल्प असते, परंतु नाव डोळ्यांत भरविण्यास ती उपयोगी पडते. चोरून चित्रपट अथवा क्रिकेटचे सामने दाखविणाऱ्या संकेतस्थळांवर या जाहिराती मोठ्या संख्येने आढळतात. तेथे जाहिरातींची छाननी होत नाही आणि फुकट काहीतरी मिळविण्यास आलेला प्रेक्षक आयताच मिळतो.

उघडणारी जाहिरात हे दुसरे रूप. एक पान उघडावयास जावे, तर मागे किंवा पुढे दुसरेच पान उघडते. ‘बंद करा’ अशी खूण मुद्दाम बारीक ठेवलेली असते. तिच्यावर बोट टेकविताना जाहिरातच दाबली जाते.

सूचनेच्या रूपातील जाहिरात विशेष फसवी असते. एखादे संकेतस्थळ उघडताच ‘सूचना पाठविण्यास परवानगी द्यावी काय?’ असा प्रश्न येतो. पुष्कळजण न वाचताच परवानगी देतात. त्यानंतर ते पान बंद असले, तरी रात्री-अपरात्री मोबाइलवर संदेश येत राहतात. ‘आपल्या खात्यात ५०० रुपये जमा झाले’ अशा धर्तीचा मजकूर बँकेच्या संदेशासारखा भासविला जातो. ही परवानगी परत घेता येते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांचा विभाग असतो. त्यातील संकेतस्थळांची यादी पाहून अनोळखी नावे बंद करावीत.

बातमीच्या वेषातील जाहिरात ही नेहमीच्या बातम्यांच्या ओळीत बसविलेली असते. अमक्या गावच्या रिक्षाचालकास एका रात्रीत लाखो रुपये मिळाले, अशा मथळ्याखाली छायाचित्र असते आणि आत शिरताच ॲप उतरवून घेण्यास सांगितले जाते. प्रसिद्ध खेळाडूंचे व नटांचे चेहरे आणि आवाज संगणकाच्या साह्याने बनवून वापरण्याचे प्रकारही आढळून आले आहेत. त्यामुळे ‘अमुक खेळाडूने स्वतः सांगितले’ हा पुरावा आता पुरेसा मानता येत नाही.

खेळातील खेळ हेही एक रूप आहे. मुले मोबाइलवर साधे खेळ खेळत असताना मध्येच अर्ध्या मिनिटाची चित्रफीत दाखविली जाते आणि ती पूर्ण पाहिल्यास खेळात बक्षीस मिळते. या चित्रफितीत चक्र फिरते, नाणी पडतात, आणि जुगार हा त्या खेळाचाच पुढचा भाग आहे असे मुलाच्या मनावर बिंबते.

परिचिताच्या मुखातून होणारी जाहिरात आज सर्वांत परिणामकारक समजली जाते. रील बनविणारे तरुण, विनोदी चित्रफिती करणारे कलाकार, क्रिकेटचे भाकीत सांगणारे टेलिग्राम व व्हॉट्सॲपवरील गट यांच्यामार्फत ती केली जाते. मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी, गुजराती अशा कोणत्याही बोलीत ती सहज मिसळते. भाकिताच्या गटांची एक युक्ती जाणून घेण्यासारखी आहे. निम्म्या लोकांना एक संघ जिंकेल असे सांगावयाचे आणि निम्म्यांना दुसरा. ज्यांचे भाकीत खरे ठरले त्यांचे पुन्हा दोन भाग करावयाचे. ८०० जणांपासून सुरुवात केली, तर तीन सामन्यांनंतर १०० माणसे अशी उरतात, ज्यांना सांगणाऱ्याचे प्रत्येक भाकीत अचूक ठरल्याचे दिसते. वस्तुतः त्यास काहीच ठाऊक नसते.

आडून केलेली जाहिरात हे शेवटचे आणि कायद्याला बगल देण्यासाठी योजलेले रूप. सट्ट्याच्या संकेतस्थळाच्या नावाशी मिळतेजुळते नाव व बोधचिन्ह घेऊन ‘क्रीडावृत्त’ देणारे दुसरे संकेतस्थळ काढले जाते आणि जाहिरात त्याची केली जाते. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३ ऑक्टोबर २०२२ रोजी दूरचित्रवाणी वाहिन्या व डिजिटल माध्यमे यांना दिलेल्या सूचनांत या युक्तीचा स्पष्ट उल्लेख केला होता.

कोणासाठी कोणते रूप

वरील रूपांची निवड माणूस जुगाराच्या दाराशी किती जवळ आला आहे, यावर केली जाते. ज्याने कधीच खेळलेले नाही, त्याच्यापुढे रील, विनोद किंवा बातमी ठेवली जाते. ज्याने एकदा लिंक उघडून पैसे न भरता ती बंद केली, त्याची नोंद राहते आणि पुढे तो कोणतेही पान उघडो, तीच जाहिरात त्याचा पाठलाग करते. ज्याने पैसे भरले आणि हरला, त्याला ‘परत या, बोनस घ्या’ असे वैयक्तिक संदेश येतात. वेळही निवडली जाते. सामन्यापूर्वीचा तास, पगाराचा आठवडा, सणाचे दिवस आणि मध्यरात्र या वेळा जाहिरातदारास सोयीच्या असतात.

बोनसचे आमिष हिशेबाने तपासून पाहावे. समजा, १,००० रुपयांचा बोनस दिला आणि तो काढून घेण्यापूर्वी त्याच्या वीसपट, म्हणजे २०,००० रुपयांचे डाव लावले पाहिजेत अशी अट घातली. नाणेफेकीसारख्या समान संधीच्या डावात १०० रुपये लावणाऱ्यास जिंकल्यास १९० रुपये परत मिळतात असे धरू. दोन डावांत तो २०० रुपये लावील आणि सरासरीने १९० रुपये परत मिळवील. म्हणजे शंभरामागे ५ रुपयांची तूट. २०,००० रुपयांच्या डावांवर ही तूट १,००० रुपये होते. बोनस जितका, तितकीच सरासरी हानी! अटी पूर्ण होईपर्यंत बोनस जेथून आला तेथेच परत जातो आणि मागे सवय तेवढी उरते. शाळांतील गणिताच्या शिक्षकांना शेकडेवारी शिकविताना हे उदाहरण घेता येईल.

कायदा काय म्हणतो

सार्वजनिक जुगारासंबंधीचा केंद्रीय कायदा १८६७ सालचा आहे. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत मूळ मुंबईचा १८८७ चा कायदा, तर गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. गोव्याच्या कायद्यात १९९२ व १९९६ साली दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना व जहाजांवरील खेळांना परवान्याने मुभा देण्यात आली. या मुभेचा मोबाइलवरील सट्ट्याशी काही संबंध नाही. ‘गोव्यात परवानगी आहे’ असे सांगणाऱ्या जाहिरातीवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. तेलंगणाने २०१७ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून इंटरनेटवरील जुगारही बंदीच्या कक्षेत आणला.

जाहिरातींबाबत प्रथम नियमनाचा मार्ग अवलंबिण्यात आला होता. पैसे लावून खेळावयाच्या खेळांच्या जाहिरातीत १८ वर्षांखालील व्यक्ती दाखवू नये, खेळ हा उत्पन्नाचा किंवा नोकरीचा पर्याय आहे असे भासवू नये, आणि आर्थिक जोखीम व व्यसन यांविषयीचा इशारा छापील जाहिरातीच्या किमान शेकडा २० जागेत द्यावा, असे दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून लागू केले. तथापि देशाबाहेरून चालणाऱ्या सट्ट्याच्या धंद्यावर त्यांचा फारसा परिणाम झाला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्या व्यक्तीसही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, याची आठवण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये कलाकारांना व समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींना करून दिली.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचे संवर्धन व विनियमन करणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद न करता, पैसे लावून पैसे मिळविण्याच्या सर्व ऑनलाइन खेळांना या कायद्याने मनाई केली आहे. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळावयाचे करमणुकीचे खेळ यांना त्यातून वगळले आहे. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जाहिरात करणे, करविणे, तीस साह्य करणे आणि अप्रत्यक्षपणे उत्तेजन देणे हे सर्व त्यात येते, आणि माध्यम कोणतेही असो. या खेळांमुळे सुमारे ४५ कोटी लोकांस हानी पोहोचली असून २०,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचे नुकसान झाले आहे, असा केंद्र शासनाचा त्या वेळचा अंदाज होता.

या केंद्रीय कायद्यात खेळणाऱ्यास शिक्षा नाही. त्यास पीडित मानण्याचा दृष्टिकोन स्वीकारला आहे. त्यामुळे फसलेल्या माणसाने लाजेपोटी किंवा भयापोटी गप्प बसू नये. याउलट, दोन-चार हजार रुपयांसाठी आपल्या रीलखाली सट्ट्याची लिंक देणारा ग्रामीण तरुण मात्र गुन्ह्याच्या कक्षेत येतो. पुष्कळ तरुणांना याची कल्पना नसते. ती त्यांना वेळीच देणे हे शिक्षकांचे व पालकांचे काम आहे.

अन्य देशांचा अनुभव

ज्या देशांत जुगार कायदेशीर आहे, तेथेही जाहिरातीची काळजी वाटू लागली आहे. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्यानंतर जाहिरातींना मोकळीक मिळाली. पुढे दूरचित्रवाणीवरील थेट सामन्यांच्या वेळी सट्ट्याच्या जाहिराती न देण्याचे त्या व्यवसायाने २०१९ साली स्वतःहून मान्य केले. प्रीमियर लीगमधील फुटबॉल संघांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर सदऱ्याच्या दर्शनी भागावर सट्ट्याचे नाव न घालण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. इटलीने २०१८ साली जुगाराच्या जाहिरातींवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. बेल्जियमनेही २०२३ पासून कडक निर्बंध आणले.

गावपातळीवर काय करावे

संकेतस्थळे बंद करण्याचे अधिकार शासनास आहेत व ते वापरले जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने सट्ट्याची २२ ॲप व संकेतस्थळे एकाच वेळी बंद केली. परंतु नावात एखादे अक्षर किंवा अंक बदलून तेच दुकान पुन्हा उघडले जाते आणि नवा पत्ता जाहिरातीनेच कळविला जातो. ही साखळी तोडावयाची, तर तिचा गावातील दुवा तोडला पाहिजे.

ग्रामपंचायती, क्रीडामंडळे व उत्सव समित्या यांनी स्पर्धांच्या फलकांसाठी देणगी घेताना देणगीदाराचा खरा व्यवसाय तपासून घ्यावा. केवळ ‘क्रीडावृत्त’ एवढ्या वर्णनावर भिस्त ठेवू नये. स्थानिक साप्ताहिकांचे चालक व केबल व्यावसायिक यांनीही अनोळखी मध्यस्थामार्फत आलेली जाहिरात स्वीकारण्यापूर्वी हीच दक्षता घ्यावी.

पालकांनी मुलांच्या मोबाइलमधील सूचनांची परवानगी महिन्यातून एकदा तपासावी. ॲपच्या अधिकृत भांडाराबाहेरून, लिंकवरून थेट उतरवून घ्यावयास सांगितलेले ॲप घेऊ नये. आपले बँक खाते किंवा मोबाइलचे सिमकार्ड ‘भाड्याने’ मागणाऱ्यास ते कदापि देऊ नये. सट्ट्याचे पैसे फिरविण्यासाठी अशी खाती वापरली जातात आणि चौकशी खातेदाराच्या दारी येते.

शिक्षकांनी वर्गात एक साधा अभ्यास घ्यावा. आठवडाभरात पाहिलेल्या जाहिराती विद्यार्थ्यांना सांगावयास लावावे आणि प्रत्येकीस चार प्रश्न विचारावे. ही जाहिरात आहे असे तिच्यावर म्हटले आहे काय? ती दाखविणाऱ्यास पैसे कोण देतो? हरणाऱ्यांविषयी ती काही सांगते काय? ती ह्याच वेळी, ह्याच माणसास का दाखविली? मुलांना उपदेश कंटाळवाणा वाटतो, परंतु युक्ती उघडी पाडण्यात त्यांना रस असतो.

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. लवकर कळविल्यास रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसंबंधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. तक्रार करताना जाहिरातीचे पडद्यावरील छायाचित्र, दिनांक व वेळ आणि लिंक जपून ठेवावी. कर्जामुळे किंवा व्यसनामुळे मन खचलेल्या माणसास व त्याच्या कुटुंबीयांस १४४१६ या टेलि-मानस सेवेवर विनामूल्य समुपदेशन मिळते.

जुगाराची जाहिरात रूपे पालटते; तिचा हिशेब मात्र पालटत नाही. हरणाऱ्यांच्या पैशांतूनच ती चालते. ज्या घरात हा हिशेब एकदा मोकळेपणाने बोलला गेला, त्या घरातील मुलाला पडद्यावरचे आमंत्रण एकट्याने पाहावे लागणार नाही. तो ते वडिलांना दाखवील, आणि एवढे घडले तरी जाहिरातदाराचे निम्मे काम फसलेले असेल.